खारजमिनीतला नत्र

कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. तिथून खाडीच्या काठानं आत निघालं की माडांच्या बागांमागे सपाट, काळपट जमीन लागते. ती भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणजे मुळात ती समुद्राचीच. मधे बांध घातला म्हणून ती शेतकऱ्याची झाली. अशी खार, नाहीतर खाजण, कालावलच्या खाडीला आहे, विजयदुर्गाकडे वाघोटनच्या काठी आहे, वेंगुर्ल्याकडे मोचेमाडला आहे. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की खाजणांची फार जुनी परंपराच भेटते.

बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा. त्यात एक झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. रायगडात या दाराला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. एवढ्या साध्या योजनेवर कोकणातल्या कितीतरी पिढ्या जेवल्या.

मे महिन्यात खाजणात पाय ठेवला तर जमिनीला भेगा आणि भेगांच्या कडांवर पांढुरका पापुद्रा दिसतो. उन्हानं वरचं पाणी उडतं, खालचं खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, तेही उडतं आणि मीठ मागे राहतं. जूनमध्ये पाऊस लागला की शेतकरी पाणी साठवून धरतो, मग उघाडीतून सोडतो, पुन्हा साठवतो. पाणी चांगलं उभं राहिलं तरच खार उतरतो, हे इथले म्हातारे शेतकरी सांगतात आणि ते तंतोतंत खरं आहे. जुलैत जमीन भाताला सोसेल इतकी गोडी होते. मग मीठ सोसणारं भात: पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं ज्याच्यावर काम केलं तो काळा रता, गोव्याकडचं कोरगुट. सप्टेंबरात पावसानं लवकर पाठ फिरवली तर दाणा भरायच्या आत मीठ पुन्हा वर येतं आणि वर्षाचे कष्ट वाया जातात.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. ऑगस्टमध्ये पाणी उभं असलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून पाहावं. मातीवर निळसर, काळपट हिरवा बुळबुळीत थर असतो. दुपारी ढग फाकून ऊन पडलं की त्या थराखाली बारीक बुडबुडे अडकतात, थराचे तुकडे सुटतात आणि पाण्यावर येऊन तरंगतात. शेतकरी त्याला शेवाळ म्हणतो, रोपांवर आलं तर हातानं बाजूला सारतो. त्या बुडबुड्यांतला वायू ऑक्सिजन असतो. तो तयार करणारे जीव त्याच वेळी हवेतला नत्र पकडून मातीला देत असतात, आणि ज्या एन्झाइमनं ते नत्र पकडतात त्याला ऑक्सिजनचा स्पर्शही सोसत नाही. हे दोन्ही एका जिवाला कसं जमतं, आणि त्यात मिठाचा काय संबंध, हे कोडं सुटायला सुमारे पन्नास वर्षं लागली. त्यातला मोलाचा भाग याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, मुंबईतल्या तुर्भ्याला सुटला. सिंधुदुर्गातल्या खाजणाच्या मालकाला ही हकिकत ठाऊक असायला हवी असं मला फार वाटतं.

सुरुवात बंगालच्या भातखाचरांपासून करावी लागते. शेणखत नाही, विकतचं खत नाही, तरी त्याच जमिनीत वर्षानुवर्षं भात निघतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. गाळ येतो, पालापाचोळा कुजतो, हे खरंच. पण तेवढ्यानं नत्राचा हिशोब भागत नव्हता. पी. के. डे यांनी बंगालमधल्या भातशेतीची माती तपासली. लंडनमधले शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिट्श यांच्यासोबत त्यांनी या विषयावर १९३८ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, आणि १९३९ साली त्यांचा मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. पाणथळ भातशेतीत नत्र बांधण्याचं काम मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ करतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी त्यांनी अनाबिना या जातीकुळीची शेवाळं मातीतून वेगळी काढून, शुद्ध रूपात वाढवून दाखवली. इतर जिवाणूंची भेसळ असती तर श्रेय कुणाचं हे ठरलंच नसतं, म्हणून या शुद्धतेला महत्त्व. मुंबईत एला गोन्साल्विस आणि गांगला यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात भातशेतीतल्या शैवालांच्या नोंदी छापल्या. पुढच्याच वर्षी बनारसच्या आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या उसर जमिनीबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं: बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, त्यात निळं-हिरवं शेवाळ वाढू दिलं, तर पडीक जमीन पुन्हा पिकाखाली येऊ शकते.

उसर आणि खार एक नव्हेत. उसर जमीन अल्कधर्मी, तिथं सोडियमचे कार्बोनेट त्रास देतात. आमच्या खाजणात समुद्राचं साधं मीठ असतं. पण दोन्हीकडे पीडा देणारा सोडियमच, आणि दोन्हीकडचा उपाय पाणी अडवण्यापासूनच सुरू होतो. सिंह यांचा लेख वाचताना कोकणी माणसाला आपला बांध आठवल्याशिवाय राहणार नाही.

इथं जरा अमेरिकेत डोकावायला हवं. १९४९ साली हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन कामेन हे रोडोस्पिरिलम रुब्रम नावाच्या जांभळट-लाल जिवाणूवर काम करत होते. हा जिवाणू उजेडावर जगतो, पण झाडांसारखा ऑक्सिजन सोडत नाही. कामेन म्हणजे सॅम रुबेन यांच्याबरोबर १९४० साली कार्बन-१४ शोधून काढणारे शास्त्रज्ञ. गेस्ट आणि कामेन यांच्या जिवाणूतून उजेडात हायड्रोजन निघायचा. मात्र काचपात्रात नत्रवायू भरला की हायड्रोजन बंद. नत्रवायू म्हणजे निष्क्रिय वायू, प्रयोगात भरावासाठी वापरायचा, अशी तेव्हाची समजूत. पण इथं तो निष्क्रिय राहत नव्हता. जिवाणूतलं एन्झाइम त्याला पकडत होतं आणि मग हायड्रोजन सोडायला त्याच्याकडे फारशी सवड उरत नव्हती. प्रकाशसंश्लेषी जिवाणू नत्र बांधतात हे या अनपेक्षित निरीक्षणातून कळलं.

त्या एन्झाइमचं नाव नायट्रोजिनेज. हवेचा चार-पंचमांश भाग नत्राचा आहे, तरी भाताचं रोप नत्राविना पिवळं पडतं, कारण नत्राचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना धरून असतात. कारखान्यात तो बंध तोडायला चार-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब लागतो. युरियाच्या गोणीत ती सगळी ऊर्जा भरलेली असते. नायट्रोजिनेज तेच काम खाजणातल्या कोमट पाण्यात करतं. त्याचे दोन भाग: एक लोहाचं प्रथिन, दुसरं लोह आणि मॉलिब्डेनम असलेलं. नत्राचा एक रेणू फोडून अमोनिया करायला पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे एटीपीचे, किमान सोळा रेणू खर्ची पडतात. इतकं महाग यंत्र कुठलाही जीव उगाच चालू ठेवत नाही, म्हणूनच त्याच्यावर इतके पहारे.

जांभळ्या जिवाणूतला पहारा विस्कॉन्सिनच्या पॉल लुडन आणि रॉबर्ट बरिस यांनी १९७६ साली उलगडायला घेतला. पाण्यात अमोनिया मिळाला किंवा अंधार झाला की काही मिनिटांत एन्झाइम बंद पडतं. ते मोडत नाही, नष्ट होत नाही. लोहाच्या प्रथिनावर एका ठरावीक जागी एक रासायनिक गट चिकटवला जातो आणि काम थांबतं. अमोनिया संपला, उजेड आला, की दुसरं एक एन्झाइम तो गट काढून टाकतं आणि काम पूर्ववत सुरू होतं. अमोनिया हा या कामाचा माल. माल आयता मिळतोय हे पेशीला कळतं आणि ती खर्च थांबवते.

पण जांभळ्या जिवाणूला स्वतःच्याच ऑक्सिजनची भीती नाही, कारण तो ऑक्सिजन करतच नाही. भातशेतीतलं निळं-हिरवं शेवाळ पाणी फोडतं आणि ऑक्सिजन सोडतं. रॉजर स्टॅनियर आणि सी. बी. व्हॅन नील यांनी १९६२ साली जिवाणू कशाला म्हणावं याची जी मांडणी केली, तिच्यानुसार हे शेवाळही जिवाणूच ठरलं. त्याच्या पेशीत केंद्रक नाही. प्रकाशसंश्लेषी जिवाणूंत ऑक्सिजन सोडणारे एवढेच. आणि ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली अनाबिनाचा तंतू मण्यांच्या माळेसारखा दिसतो. हिरव्या मण्यांच्या ओळीत साधारण दहा-दहा मण्यांनंतर एक मणी वेगळा: थोडा मोठा, फिकट, जाड भिंतीचा, दोन्ही टोकांना चमकणारे ठिपके असलेला. त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात. या पेशीचं काम काय, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी बरंच डोकं चालवलं होतं. १९४९ साली लंडनमध्ये जी. ई. फॉग यांनी दाखवलं की पाण्यात अमोनिया असला तर या पेशी तयारच होत नाहीत. १९६८ साली फे, स्ट्यूअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या चौघांनी ‘नेचर’मध्ये थेट प्रश्न टाकला: नत्र बांधण्याची जागा हीच पेशी आहे का?

आणि मग तुर्भे. १९५४ साली उभी राहिलेली तिथली अणुसंस्था जानेवारी १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र झाली. अणुभट्ट्या, युरेनियम, किरणोत्सार यांच्या बातम्या येत राहिल्या. त्याच आवारातल्या जीवशास्त्र विभागात जोसेफ थॉमस निळ्या-हिरव्या शेवाळावर काम करत होते, हे फार थोड्यांना माहीत झालं. १९७० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी एकट्याच्या नावानं दाखवून दिलं की हेटेरोसिस्टमध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या यंत्रणेची रंगद्रव्यंच नसतात. पाणी फोडून ऑक्सिजन काढते ती हीच दुसरी यंत्रणा. पहिली यंत्रणा राहते, ती उजेडापासून एटीपी देते. म्हणजे या पेशीनं ऊर्जा मिळवायची सोय ठेवली आणि ऑक्सिजन करण्याची सोय स्वतःहून काढून टाकली. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन जाड भिंतीमुळे अडतो. एका पेशीत न जमणारं काम शेजारच्या दोन पेशींनी वाटून घेतलं. मला या शोधाचं कौतुक यासाठी वाटतं की त्यात नवीन काही सापडलं नाही. काय नाही हे त्यांनी नेमकं पाहिलं, आणि त्या नसण्यातच उत्तर होतं.

वाद लगेच मिटला नाही. नत्र बांधण्याची शक्ती साध्या हिरव्या पेशींतही आहे, असं म्हणणारे होते. १९७२ साली थॉमस आणि के. ए. व्ही. डेव्हिड यांनी एल-३१ या गोड्या पाण्यातल्या अनाबिनावर काम करून याच प्रश्नावर ‘नेचर न्यू बायॉलॉजी’त लिहिलं. पुढे थॉमस अमेरिकेत मिशिगनला पीटर वोक यांच्या प्रयोगशाळेत सामील झाले. तिथं सायक्लोट्रॉनवर नत्राचं एक किरणोत्सारी रूप तयार करत, नत्र-१३. त्याचं अर्धायुष्य फक्त दहा मिनिटांच्या आसपास. तयार केलं की पळत न्यायचं, शेवाळाला द्यायचं, पेशी फोडायच्या, रसायनं वेगळी करायची, मोजायची. तोपर्यंत निम्म्याहून जास्त विरून गेलेलं. त्या घाईतून १९७७ साली त्यांनी दाखवलं की हेटेरोसिस्टमध्ये बांधलेला नत्र आधी ग्लुटामाइन या रूपात येतो. त्यासाठी लागणारं ग्लुटामेट शेजारच्या हिरव्या पेशी पुरवतात आणि ग्लुटामाइन परत त्यांच्याकडे जातं. हेटेरोसिस्ट स्वतः वाढत नाही, दुभंगत नाही. मिळवलेलं तंतूला देऊन टाकते.

ही पेशी घडताना पेशीच्या आत काय होतं हे १९८५ साली कळलं. शिकागोच्या रॉबर्ट हॅसेलकॉर्न यांच्या गटानं पाहिलं की साध्या पेशीत नायट्रोजिनेजच्या एका जनुकाच्या मधोमध सुमारे अकरा हजार अक्षरांचा परका तुकडा बसलेला असतो. हेटेरोसिस्ट घडताना तो तुकडा कापून बाहेर काढला जातो, दोन टोकं जोडली जातात आणि मगच जनुक वाचता येतं. एन्झाइमवरचे पहारे असे मिनिटांत बदलणाऱ्या रासायनिक गटापासून ते कायमच्या काटछाटीपर्यंत जातात. तुर्भ्याच्या गटानंही पुढे या जनुकांच्या फेरजुळणीवर बराच अभ्यास केला.

एन्झाइम काम करतंय की नाही हे मोजायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण ती युक्ती फार सुंदर आहे. नायट्रोजिनेज नत्राबरोबर अॅसिटिलीनलाही पकडतं आणि त्याचं इथिलीन करतं. शेवाळ रबरी बूच लावलेल्या छोट्या बाटलीत घ्यायचं, सुईनं बुचातून अॅसिटिलीन सोडायचं, बाटली उजेडात ठेवायची, थोड्या वेळानं सुईनंच वरची हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचायची. इथिलीनची जेवढी उंच रेघ, तेवढं एन्झाइम कामात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आली आणि जगभरची कामं सोपी झाली.

तुर्भ्याला मिठाचा प्रश्न पुढे आला तो याच बाटल्यांमधून. १९८० साली श्रीकुमार आपटे आणि जोसेफ थॉमस यांनी लिहिलं की नायट्रोजिनेजच्या कामाला सोडियम लागतो. कोकणात लहानपणापासून मीठ म्हणजे शेतीचा शत्रू हे ऐकलेल्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. पाण्यातला सोडियम काढून घेतला तर अनाबिना टोरुलोसा या मचूळ पाण्यातल्या शेवाळाचं नत्र बांधणं ढासळतं. १९८४च्या त्यांच्या कामात आणखी बारकावा आला: सोडियम नसला तरी एन्झाइम तयार होतं, कामाला लागत मात्र नाही. सोडियमअभावी पेशीचं फॉस्फेट घेणं मंदावतं, एटीपीचा साठा आटतो. आणि एका रेणूमागे सोळा एटीपी मागणारं यंत्र उपाशी बसतं.

म्हणजे थोडा सोडियम हवाच, जास्त झाला तर मरण. मधली रेषा कोण आखतं? १९८७ साली आपटे, रेड्डी आणि थॉमस यांनी गोड्या पाण्यातली एल-३१ आणि मचूळ पाण्यातली टोरुलोसा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मीठ सोसणारी जात सोडियम आत घेऊन पचवत असेल, असं कुणालाही वाटलं असतं. तसं निघालं नाही. मीठ सोसण्याचं मुख्य बळ सोडियम आत येऊच न देण्यात होतं. पाण्यात नायट्रेट किंवा अमोनियम असलं की हे आत येणं आणखी कमी होतं, आणि १९८९ साली त्यांनी दाखवलं की असा तयार नत्र मिळाला तर शेवाळ जास्त मीठ सोसतं.

खाजणाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं यात एक कठीण पेच आहे. युरिया टाकला तर शेवाळ मिठापासून वाचतं, पण तयार अमोनिया मिळाल्यानं हेटेरोसिस्ट घडवणं सोडतं आणि नत्राचं काम थांबवतं. युरिया टाकला नाही तर नत्राचं काम करतं, पण मिठाचा मार पूर्ण खातं. ज्यांनी सरसकट ‘शेवाळ टाका, खत वाचवा’ असं सांगितलं, त्यांनी खारजमिनीचा हा पेच लक्षात घेतला नाही असं मला वाटतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी उथळ खड्ड्यांत आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये शेवाळ वाढवून, वाळवून, पापुद्रे शेतकऱ्यांना देण्याची पद्धत लोकप्रिय केली. लावणीनंतर आठवड्यानं हेक्टरी दहा किलो. गोड्या जमिनीत हेक्टरी वीस ते तीस किलो नत्राचा आधार मिळतो असं सांगितलं जाई. ते काम मोठंच. पण कर्लीकाठच्या जमिनीला मिठाची सवय असलेली जातच हवी.

समुद्र आणि एन्झाइम यांचा अभ्यास घाटावरही चालला होता. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी, लीला भोसले आणि त्यांचे सहकारी समुद्री शैवालं आणि खारफुटी खाऱ्या परिस्थितीत कार्बन कसा बांधतात, त्यातली एन्झाइमं मिठानं कशी वागतात हे तपासत होते. १९७४ साली त्यांचा यावरचा लेख ‘फोटोसिंथेटिका’मध्ये आला. जोशींचं मिठाच्या परिणामावरचं काम त्याआधीच, १९६२ साली, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर छापून झालं होतं.

मालवणच्या उघड्या समुद्रालाही नायट्रोजिनेज अनोळखी नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत, समुद्र शांत असताना, या किनाऱ्याबाहेर पाण्यावर पिवळट-तपकिरी भुशाचे लांबच लांब पट्टे दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, तंतूंच्या जुड्या करून तरंगणारा निळा-हिरवा जिवाणू. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या देवासी, भट्टथिरी आणि कासिम यांनी १९७८ साली गोव्याबाहेरच्या अशा बहराचा तपशीलवार अभ्यास छापला. याच्याकडे हेटेरोसिस्ट नाहीत, तरी तो भर दिवसा नत्र बांधतो. २००१ साली ‘सायन्स’मधल्या एका कामानं सुचवलं की दुपारी काही काळ तो आपली ऑक्सिजनची यंत्रणा मंद करून ही वेळ साधतो. अनाबिनानं जागा वाटून घेतली, ट्रायकोडेस्मियमनं वेळ. नत्राची टंचाई असलेल्या उन्हाळी समुद्रात हा मिळणारा नत्र प्लवकांपर्यंत पोचतो आणि प्लवकांवर पुढची सगळी साखळी, शेवटी मालवणच्या जाळ्यातली मासळी, उभी असते.

परत खाजणाकडे येऊ. १९९७ साली आपटे आणि थॉमस यांनी ‘प्लँट अँड सॉइल’ या नियतकालिकात प्रश्न विचारला: मीठ सोसणारी, नत्र बांधणारी ही शेवाळं किनाऱ्याच्या खारजमिनी सुधारायला उपयोगी पडतील का? टोरुलोसा खाऱ्या मातीवर वाढली. तिनं नत्र बांधला. मातीतला नत्र वाढला आणि मातीची क्षारता उतरली. क्षारता उतरली कारण पेशीभोवतीच्या चिकट आवरणात सोडियम अडकून राहतो. आत फार थोडा जातो, बाहेरच्या बुळबुळीत थरातच बराचसा धरला जातो. ऑगस्टमध्ये बोटांना लागणारा तो बुळबुळीतपणा म्हणजे हेच.

इथंच त्यांनी थांबून जयजयकार करून घेतला असता तर कुणी आक्षेप घेतला नसता. त्यांनी पुढचंही लिहिलं: शेवाळ मेलं, कुजलं, की तो सोडियम मातीत परत येतो. कायमची सुधारणा या मार्गानं होण्याची शक्यता कमी. मिळतं ते पीक उभं असतानाच्या काळापुरतं. पण नेमका तोच काळ भाताला नाजूक असतो. नत्र मात्र जात नाही. कुजलेल्या शेवाळातून तो सावकाश सुटतो आणि पुढच्या पिकाला पोचतो. खारजमिनीवरची माझ्या वाचनातली सर्वांत प्रामाणिक वाक्यं मी या लेखातली मानतो.

मीठ कायमचं घालवण्याचं काम पाऊस, बांध आणि उघाडी यांचंच राहतं. पावसाबद्दल सिंधुदुर्गाला तक्रार नसावी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारं पाणी मीठ धुवायला पुरेसं आहे. तक्रार बांधाची आहे. मुंबई प्रांतानं १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, महाराष्ट्रानं १९७९ साली खारजमीन विकासाचा नवा कायदा आणला, सरकारी बांध आणि दारं उभी राहिली. पण पूर्वी गावकीनं मिळून दर वर्षी होणारी डागडुजी मागे पडली. तरुण मुंबईला, गोव्याला गेले. बांधाला एकदा खांड पडली आणि दोन वर्षं बुजवली नाही की भरती रोज आत येते, भात जातं, तिवरं उगवतात. तिवरं आली की त्यांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली घातलेली बंदी लागू होते, आणि ती जमीन पुन्हा भाताखाली येणं जवळजवळ अशक्य होतं. तिवरांना माझा विरोध नाही. मासळीची पिल्लं तिथंच वाढतात. पण बांध हलगर्जीपणानं फुटू देणं आणि खाडीला विचारपूर्वक जागा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच घडली.

जिथं बांध शाबूत आहे तिथं अजून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. तुर्भ्याच्या मचूळ पाण्यात जे जगतं तेच कर्लीच्या आणि कालावलच्या खाजणात जगेल असं नाही; दर खाडीचं पाणी वेगळं, माती वेगळी. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला एकाच कुणग्यातून मातीचा वरचा थर घ्यायचा, क्षारतामापकानं मीठ मोजायचं, काचपट्टीवर थेंब ठेवून तंतू पाहायचा आणि दर शंभर पेशींत हेटेरोसिस्ट किती आहेत ते मोजायचं. युरिया टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर दोन्ही वेळा मोजायचं. मोजायला अॅसिटिलीनही लागत नाही. हेटेरोसिस्ट वाढल्या की शेवाळाला नत्राची भूक आहे, त्या दिसेनाशा झाल्या की नत्र आयता मिळतो आहे, एवढं तंतूच सांगतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असलेला सूक्ष्मदर्शक याला पुरतो. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी हातात आल्या, तर खाजणात युरिया किती टाकायचा आणि लावणीनंतर कितव्या आठवड्यात टाकायचा, याचं उत्तर इथल्याच मातीवरून देता येईल.